बॅकटेस्ट करायचं म्हणता? मग आधी स्वतःची स्ट्रॅटेजी नापास करायला शिका

आयटी पार्कच्या टपरीवर बसा नाहीतर बर्डीवर चहा प्या, शेजारी कोणीतरी मोबाईलवर निफ्टीचा चार्ट मागे-पुढे ओढत बसलेलाच असतो. "भाऊ, माझ्या स्ट्रॅटेजीचा विन रेट ऐंशी टक्के आहे" हे वाक्य तर आजकाल नागपुरात कुठंही ऐकू येतं. कशावर मोजला म्हणून विचारा, तर उत्तर असतं, गेल्या दोन महिन्यांचे चार्ट पाहिले ना! आता नुसत्या डोळ्यांनी चार्ट पाहिला की जिंकलेले सौदे पटकन दिसतात आणि हरलेल्यांवरून नजर आपसूक पुढे सरकते, त्यामुळे ते मोजणं काही खरं नाही. नियम पक्का लिहायचा, जुन्या डेटावर एकेक दिवस चालवायचा, प्रत्येक सौद्याचा हिशोब मांडायचा, याला बॅकटेस्ट म्हणतात, आणि ही गोष्ट एक्सेल येणाऱ्या कोणालाही जमते.

एक आकडा आधीच सांगून ठेवतो. सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने, सप्टेंबर २०२४ मध्ये काढलेल्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये, म्हणजे पुढच्या तारखेच्या भावावरच्या करारांत, उतरलेल्या एक कोटीहून जास्त वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के तोट्यात निघाले. यातल्या प्रत्येकाकडे काही ना काही "सिस्टीम" असणारच. म्हणून माझं साधं म्हणणं असं आहे की टेस्ट करताना स्ट्रॅटेजी नापास करायच्याच इराद्याने बसायचं, कागदावर नापास झाली तर फुकटात सुटलात, आणि नापास करायचे सगळे प्रयत्न करूनही जी टिकली तिच्याकडेच पैसे घेऊन जायचं. पास करायच्या इराद्याने बसलात तर ती पास होणारच, डेटाला थोडा पीळ दिला की तो हवं ते बोलतो.

पहिलं काम: नियम असा लिहा की वाद व्हायला जागाच नको

"मार्केट मजबूत दिसलं की घ्यायचं", "चांगला व्हॉल्यूम (म्हणजे किती शेअरची उलाढाल झाली तो आकडा) आला की एंट्री", हे नियम नाहीत. मजबूत म्हणजे किती, चांगला म्हणजे कशाच्या किती पट? घरातल्या बारावी कॉमर्सच्या पोट्ट्याला वही दिली आणि चार्ट दिला, तर त्याने काढलेले सौदे आणि तुम्ही काढलेले सौदे तंतोतंत जुळले पाहिजेत, तेव्हा नियम झाला समजा. काय घ्यायचं, कधी घ्यायचं, कोणत्या भावाला, किती पैशाचं, कधी विकायचं, आणि चुकलं तर कुठं बाहेर पडायचं, एवढं सगळं लिहिलेलं हवं. बहुतेक लोक एंट्रीवर दहा ओळी लिहितात आणि एक्झिटवर "प्रॉफिट दिसला की" एवढंच, आता काय बोलायचं बाप्पा.

शिकण्यापुरता आपण एकदम साधा नियम घेऊ. निफ्टीबीज, म्हणजे निफ्टीचा ईटीएफ, निफ्टी इंडेक्समधले पन्नास शेअर एकत्र धरणारा आणि बाजारात शेअरसारखाच घेता-विकता येणारा फंड. याचा क्लोज, म्हणजे दिवसाचा बंद भाव, २०० दिवसांच्या सरासरीच्या वर असेल तर दुसऱ्या दिवशी ओपनला, म्हणजे बाजार उघडतानाच्या भावाला, घ्यायचं, खाली आला तर दुसऱ्या दिवशी ओपनला विकून टाकायचं, पैसा एकतर पूर्ण आत नाहीतर पूर्ण बाहेर. हा नियम श्रीमंत करणारा आहे असं मी म्हणत नाही, पण टेस्टिंगमधले जवळपास सगळे खड्डे याच्यात सापडतात, म्हणून घेतला.

डेटा: इथंच निम्मं काम आहे, आणि इथंच लोक घाई करतात

रोजच्या भावांचा डेटा फुकट मिळतो. एनएसईच्या साईटवर भावकॉपी नावाची रोजची फाईल असते, त्यात त्या दिवशी सौदे झालेल्या सगळ्या शेअर्सचा ओपन, हाय, लो, क्लोज आणि व्हॉल्यूम असतो. एक लक्षात ठेवा, ८ जुलै २०२४ पासून भावकॉपीचा फॉरमॅट बदलला, कॉलमची नावं बदलली, त्यामुळे यूट्यूबवरच्या जुन्या व्हिडिओतला कोड जशाचा तसा चालवला तर एरर येईल, घाबरायचं कारण नाही, नावं बदलून घ्या. इंडेक्सचा इतिहास हवा असेल तर निफ्टी इंडायसेसच्या साईटवर आहे. सुरुवातीला गुगल शीटमधलं गुगलफायनान्स फंक्शनसुद्धा पुरतं. एक-एक मिनिटाचा डेटा मात्र बहुतेक ठिकाणी विकत घ्यावा लागतो, आणि नवख्या माणसाने तिकडे जायचंच काहून? रोजचा डेटा घ्या, त्यावर हात बसू द्या.

डेटा आला की लगेच फॉर्म्युले टाकायचे नाहीत. आधी रोजचा टक्केवारी बदल काढा, मोठ्यापासून लहानापर्यंत सॉर्ट करा आणि वरच्या-खालच्या वीसेक ओळी डोळ्याखालून घाला. माझ्या भाच्याने निफ्टीबीजचा डेटा असाच कुठूनतरी उतरवून घेतला होता आणि त्याच्या शीटमध्ये डिसेंबर २०१९ मध्ये एका दिवसात ९० टक्के पडझड! पोट्टा म्हणे मामा, माझ्या स्टॉपलॉसचं, म्हणजे तोटा थांबवायला ठरवलेल्या भावाचं, पार वाटोळं झालं. झालं काहीच नव्हतं, त्या महिन्यात युनिटचं एकास दहा असं विभाजन झालं होतं, साडेबाराशेच्या आसपासचा भाव सव्वाशेच्या आसपास आला आणि युनिट दहापट झाले, धारकाच्या खिशाला फरक शून्य. डेटा ॲडजस्ट केलेला नसला की असले भास होतात. बजाज फायनान्सचं जून २०२५ मध्ये स्प्लिट (असंच विभाजन) आणि बोनस (धारकाला फुकट मिळणारे जादा शेअर) एकत्रच झालं, नऊ हजारांच्या वरचा भाव हजाराच्या आत. रिलायन्सचा ऑक्टोबर २०२४ चा एकास एक बोनस, तिथं भाव निम्मा दिसेल. जुने सगळे भाव त्या गुणोत्तराने भागून घ्यायचे, किंवा ॲडजस्टेड डेटाच घ्यायचा, पण घेतलेला डेटा खरंच ॲडजस्टेड आहे का ते दोन-तीन ओळखीच्या बोनसवर तपासून.

डीमर्जर, म्हणजे कंपनीतून एक धंदा वेगळा काढणं, त्याहून किचकट. जानेवारी २०२५ मध्ये आयटीसीमधून हॉटेल वेगळं झालं, त्या दिवशी आयटीसीचा भाव खाली दिसतो पण तुमच्या खात्यात हॉटेलचे शेअर आलेले असतात. स्प्लिटसारखा साधा भागाकार इथं चालत नाही, म्हणून नवीन असाल तर अशा तारखेच्या आसपासचे सौदे हाताने बघा.

काही विचित्र ओळी मात्र खऱ्या असतात, त्या उडवू नका. शनिवारची तारीख दिसली म्हणून डेटा खराब असं नाही, १ फेब्रुवारी २०२५ ला बजेट होतं म्हणून शनिवारी पूर्ण बाजार चालला. दिवाळीला मुहूर्ताचा तासभराचा बाजार असतो, त्या दिवशीचा व्हॉल्यूम एवढासा असतो, तुमच्या नियमात "सरासरी व्हॉल्यूमच्या निम्म्याहून कमी" असं काही असेल तर लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दरवर्षी सिग्नल येत राहील. आणि इंट्राडेवाल्यांसाठी, म्हणजे त्याच दिवशी घेऊन विकणाऱ्यांसाठी, ४ जानेवारी २०१० च्या आधी बाजार सकाळी ९:५५ ला उघडायचा. २००८ च्या डेटावर "साडेनऊचा ब्रेकआउट" कोणी टेस्ट करून दाखवला तर समजून जा की त्याने डेटा उघडूनही पाहिला नाही.

आता या भागातला सगळ्यात मोठा खड्डा. लोक आजच्या निफ्टी ५० ची यादी घेतात आणि त्याच पन्नास शेअरवर पंधरा वर्षांची टेस्ट चालवतात. रिझल्ट झक्कास येतो, यायचाच. आजची यादी म्हणजे ईडापीडा घेऊन जाणारी नागपूरची मारबत निघून गेल्यानंतरचं महाल-इतवारी आहे, जी काही ईडापीडा होती ती आधीच बाहेर गेली. सत्यम एकेकाळी निफ्टीत होता, ७ जानेवारी २००९ ला घोटाळा उघड झाला, एका दिवसात १७९ चा भाव ४० च्या आत आला आणि पुढच्याच आठवड्यात तो यादीतून बाहेर. युनिटेक, सुझलॉन, रिलायन्स कम्युनिकेशन्स, हे सगळे निफ्टीत बसून गेलेत. येस बँक मार्च २०२० मध्ये गेली. २००८ पासून तुम्ही खरंच ही स्ट्रॅटेजी चालवत असता तर हेच शेअर हातात आले असते. म्हणून त्या-त्या वेळची यादी हवी, ती जमवणं कटकटीचं आहे, आणि म्हणूनच मी नवख्यांना सांगतो की पहिल्या काही टेस्ट थेट इंडेक्सवर किंवा इंडेक्स ईटीएफवर करा, ही भानगडच नको.

याचाच धाकटा भाऊ आपल्या गावात फार दिसतो. सोलर इंडस्ट्रीज आपल्या नागपूरची कंपनी, सगळ्यांना अभिमान, गेल्या दहा वर्षांत शेअर कैक पट झालेला. मग कोणीतरी त्याच शेअरवर मूव्हिंग ॲव्हरेज टाकून "बघा काय स्ट्रॅटेजी आहे" म्हणून दाखवतं. अरे, सरळ वर गेलेल्या चार्टवर कोणताही नियम लावा, पैसे झालेलेच दिसणार! शेअर निवडतानाच निकाल माहीत होता, मग टेस्ट कशाची झाली?

शीट मांडायची कशी

एक्सेल किंवा गुगल शीट उघडा. ए कॉलममध्ये तारीख, बी ओपन, सी हाय, डी लो, ई क्लोज. तारखा जुन्यापासून नव्याकडे, उलट्या असतील तर आधी सॉर्ट करा, या एका गोष्टीने मी लोकांचे अख्खे रविवार वाया गेलेले पाहिलेत.

एफ कॉलममध्ये मागच्या २०० क्लोजची सरासरी, म्हणजे २०१ व्या ओळीपासून सुरू होईल, कारण पहिली ओळ हेडिंगची. जी कॉलम सिग्नल: क्लोज सरासरीच्या वर असेल तर १, नाहीतर ०. एच कॉलम पोझिशन, आणि इथं नीट लक्ष द्या, आजच्या ओळीच्या एचमध्ये कालच्या ओळीचा जी टाकायचा. आजचा क्लोज आपल्याला बाजार बंद झाल्यावर कळतो, मग आजच्याच भावाला घेतलं असं धरणं म्हणजे पेपर फुटल्यावर परीक्षेला बसणं. त्यातही जुन्या डेटातला क्लोज हा शेवटच्या सौद्याचा भावसुद्धा नसतो, तीन ते साडेतीनमधल्या सौद्यांची वेटेड सरासरी असते, म्हणजे त्या भावाला बरोब्बर ऑर्डर लागेल हे तर विसराच. एक ओळ खाली सरकवायचं विसरलं की भिकार स्ट्रॅटेजीसुद्धा सोन्याची दिसते. पायथनमध्ये पांडाज ही लायब्ररी वापरत असाल तर हेच काम शिफ्ट करतं, आणि आजकाल बरेच जण एआयकडून कोड लिहून घेतात, घ्या ना, पण तो शिफ्ट कोडमध्ये आहे की नाही ते स्वतः शोधा.

आय कॉलममध्ये त्या दिवसाचा रिटर्न. आपण ओपनला घेतो-विकतो, म्हणून उद्याचा ओपन भागिले आजचा ओपन, वजा एक. जे कॉलम म्हणजे एच गुणिले आय. पोझिशन शून्य असेल त्या दिवशी शून्य कमाई धरा, तो पैसा लिक्विड फंडात ठेवला असता वगैरे हिशोब नंतर. के कॉलम खर्चाचा, त्यावर येतोच. एल कॉलममध्ये भांडवल: पहिल्या ओळीत १,००,००० आणि पुढे प्रत्येक ओळीत कालचं भांडवल गुणिले (एक अधिक जे वजा के), कंस विसरू नका. फॉर्म्युला खालपर्यंत ओढा, एल कॉलमचा लाईन चार्ट काढा. झाली तुमची पहिली बॅकटेस्ट.

मग मधलेच तीन-चार सौदे उचला आणि चार्ट समोर ठेवून हाताने जुळवून पाहा. तारीख बरोबर आहे का, भाव बरोबर आहे का. हे कंटाळवाणं काम आहे आणि कोणीच करत नाही, पण सगळ्या चुका इथंच सापडतात.

तुमच्या नियमात स्टॉपलॉस आणि टार्गेट असेल तर आणखी दोन गोष्टी ठरवून घ्या. एकाच दिवशी हाय टार्गेटच्या वर आणि लो स्टॉपलॉसच्या खाली असेल तर आधी काय लागलं हे रोजच्या डेटातून कळत नाही, अशा वेळी स्टॉपलॉस आधी लागला असंच धरायचं, स्वतःला सवलत द्यायची नाही. दुसरं, गॅप, म्हणजे कालच्या बंद भावापासून तुटून भलत्याच भावाला बाजार उघडणं. स्टॉपलॉस ४८० ला आणि बाजार ४५५ ला उघडला तर तुमची विक्री ४५५ च्या आसपास होणार, शीटमध्ये ४८० लिहू नका. २३ मार्च २०२० आठवा, शुक्रवारी निफ्टी ८७४५ ला बंद झाला होता, सोमवारी उघडतानाच कित्येकशे अंक खाली, मग सर्किट (भाव ठरलेल्या मर्यादेबाहेर हलला की लागणारा ब्रेक) लागून बाजार थांबला आणि शेवटी ७६१० ला बंद, एका दिवसात जवळपास १३ टक्के. तुमच्या दोन टक्क्यांच्या स्टॉपलॉसला त्या सकाळी कोण विचारत होतं!

आणि छोट्या शेअरमध्ये सर्किट. शेअर ५ टक्के अपर सर्किटला चिकटून उघडला तर विकणाराच नसतो, तुम्हाला माल मिळणार नाही. शीट मात्र आनंदाने खरेदी दाखवते.

खर्च धरला की खरा चेहरा दिसतो

समजा एक लाखाचा शेअर डिलिव्हरीत घेतला आणि तेवढ्यालाच विकला. एसटीटी, म्हणजे शेअरच्या सौद्यावरचा सरकारी कर, दोन्ही बाजूंनी ०.१ टक्का, म्हणजे शंभर अधिक शंभर. खरेदीवर स्टॅम्प ड्युटी ०.०१५ टक्का, पंधरा रुपये. एक्स्चेंजचे दोन्ही मिळून सहा-एक रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, विकताना डीपी चार्ज, म्हणजे डीमॅट खात्यातून शेअर काढण्याची फी, साधारण पंधरा-वीस. ब्रोकरेज शून्य धरलं तरी २४० च्या आसपास गेले, म्हणजे एका फेरीला पाव टक्का. त्यात स्लिपेज मिळवा, म्हणजे शीटमधला भाव आणि प्रत्यक्ष मिळालेला भाव यातला फरक, मोठ्या शेअरमध्ये दोन्ही बाजू मिळून ०.२ टक्के धरा, छोट्यामध्ये याच्या कितीतरी जास्त. आता ०.४४ टक्के गुणिले वर्षाला ५० फेऱ्या म्हणजे २२ टक्के! भांडवलाचे बावीस टक्के दरवर्षी नुसते ये-जा करण्यात. स्ट्रॅटेजीने खर्चाआधी २० टक्के कमावले असतील तरी तुम्ही तोट्यात आहात.

आपल्या निफ्टीबीजच्या उदाहरणात खर्च बराच कमी येतो, इक्विटी ईटीएफवर एसटीटी फक्त विकताना आणि तोही ०.००१ टक्का असतो, म्हणजे लाखाला एक रुपया. तरीही शीटच्या के कॉलममध्ये पोझिशन बदलेल त्या प्रत्येक दिवशी ०.१५ टक्का कापा, थोडं जास्तच धरलेलं बरं. जुन्या वर्षांत निफ्टीबीजमध्ये व्हॉल्यूम फार नव्हतं, ओपनला भाव हलकासा भलताच मिळायची शक्यता होती, हे त्यात भरून निघतं.

टॅक्ससुद्धा आहे. २३ जुलै २०२४ पासून लिस्टेड शेअरवरचा शॉर्ट टर्म गेन २० टक्क्यांनी लागतो, आधी १५ होता. वर्षाच्या आत आत-बाहेर करणाऱ्या स्ट्रॅटेजीची तुलना धरून ठेवणाऱ्याशी करताना हे विसरलं की तुलना खोटी होते.

रिझल्ट कसा वाचायचा

सगळ्यात आधी विन रेट पाहायची सवय सोडा. एक स्ट्रॅटेजी दहातले आठ सौदे जिंकते, जिंकली की सरासरी ५०० मिळतात, हरली की २५०० जातात. हिशोब करा: ०.८ गुणिले ५०० म्हणजे ४००, वजा ०.२ गुणिले २५०० म्हणजे ५००. दर सौद्याला शंभराचा तोटा. दुसरी दहातले चारच जिंकते, पण जिंकली की ३००० आणि हरली की १२००, तर १२०० वजा ७२०, दर सौद्याला ४८० नफा. टपरीवर मात्र पहिलीवालाच छाती फुगवून सांगतो.

मग ड्रॉडाऊन, म्हणजे भांडवल शिखरावरून जास्तीत जास्त किती खाली आलं. ५० टक्के गेलं तर परत मूळ पदावर यायला १०० टक्के कमवावे लागतात. नुसता निफ्टी धरून बसणाऱ्याचं २००८ मध्ये काय झालं ते बघा, जानेवारीत ६२८७ ला बंद झालेला निफ्टी ऑक्टोबरमध्ये २५२४ ला, साठ टक्के साफ. त्यानंतर तो आकडा २०१० च्या दिवाळीच्या आसपास जेमतेम दिसला आणि नीट पार व्हायला २०१३ चा शेवट उजाडला. शीटमध्ये ड्रॉडाऊन काढायला एक कॉलम पुरतो: आजवरचं कमाल भांडवल, आणि आजचं भांडवल त्याच्या किती टक्के खाली. ती टक्केवारी वाचून झाली की रुपयांत मांडा. "३५ टक्के ड्रॉडाऊन" वाचायला सोपं वाटतं, "दहा लाखांचे साडेसहा झाले आणि दीड वर्ष तसेच राहिले" हे घरात सांगून पाहा.

सौद्यांची संख्या बघा. पंधरा सौद्यांवरून काही सिद्ध होत नाही, नशीबसुद्धा पंधरा सौदे चालतं. निदान तीस, जमलं तर शंभराच्या वर. आपल्या २०० दिवसांच्या नियमाची हीच अडचण आहे, मोठे फायद्याचे सौदे फार थोडे निघतात, बाकी सरासरीच्या आसपास बाजार घुटमळतो तेव्हाचे बारीक-बारीक तोटे. म्हणून त्यावर लांबचा डेटा लागतो.

आणि तुलना कोणाशी? नुसता निफ्टी घेऊन झोपलेल्याशी, आणि तीसुद्धा टोटल रिटर्न इंडेक्सशी, ज्यात डिव्हिडंड धरलेला असतो. साध्या निफ्टीशी तुलना केली की दरवर्षी टक्का-सव्वा टक्क्याची फुकटची आघाडी मिळते. एवढी उठाठेव करून झोपलेल्या माणसाइतकेच पैसे मिळत असतील आणि ड्रॉडाऊनही तेवढंच असेल, तर मीही झोपेन, नागपूरच्या मे महिन्यात दुपारी दुसरं करायचं तरी काय.

आता तोडून बघा

डेटाचे दोन भाग करा. समजा २००८ ते २०१७ वर नियम ठरवला, तर २०१८ पासूनचा भाग बंद ठेवायचा, झाकून. सगळं ठरलं की एकदाच उघडायचा. रिझल्ट आवडला नाही म्हणून नियम बदलून पुन्हा तोच भाग वापरला तर तो झाकलेला राहिला नाही, संपला त्याचा उपयोग. एप्रिल २०२० नंतर डीमॅट उघडलेली मंडळी फक्त त्यानंतरच्याच डेटावर टेस्ट करतात, त्या काळात पडझड आली की घ्या, असं म्हणणारा कोणीही शहाणा ठरला. २००८, २०११ चं घसरणीचं वर्ष, २०१८-१९ मधली मिडकॅप-स्मॉलकॅपची घसरण, हे सगळं टेस्टमध्ये यायलाच हवं.

दुसरी परीक्षा आकड्यांची. २०० च्या जागी १८० टाका, २२० टाका, १५० टाका. रिझल्ट थोडाफार बदलेल, पण दिशा तीच राहायला हवी. १९७ ला जबरदस्त आणि १९० ला तोटा, असं दिसलं तर तुम्हाला नियम सापडला नाही, जुन्या डेटातला योगायोग सापडला. शंभर वेगवेगळे नियम नुसते अंदाधुंद करून पाहिले तरी त्यातले चार-पाच योगायोगाने छान दिसणारच, म्हणून किती व्हेरिएशन करून पाहिले याची नोंद वहीत ठेवा. आणि इंडिकेटर, म्हणजे भावावरून काढलेले सूचक आकडे, वाढवत जाऊ नका, आरएसआय लावला, मग एमएसीडी, मग सुपरट्रेंड, मग फक्त मंगळवारी, असं करत-करत जुना प्रत्येक तोटा गाळता येतो, पुढचा एकही नाही.

तिसरी सोपी आहे: सगळ्यात मोठे दोन-तीन नफ्याचे सौदे काढून टाका आणि परत बेरीज करा. सगळा नफा तेवढ्यातच होता का?

ऑप्शन्सवाल्यांना दोन शब्द

खरं सांगायचं तर नवख्याने इथं टेस्टिंग करूच नये. बाजाराचे नियमच इतक्यांदा बदलले की जुना डेटा जोडता येत नाही. निफ्टीचे वीकली ऑप्शन, म्हणजे आठवड्याला मुदत संपणारे, फेब्रुवारी २०१९ मध्ये आले, त्याआधीचा डेटाच नाही. बँक निफ्टीचे वीकली नोव्हेंबर २०२४ मध्ये बंद झाले. निफ्टीचा लॉट, म्हणजे एका सौद्यातली किमान संख्या, २०२४ च्या शेवटी २५ चा ७५ झाला, वीकली एक्स्पायरी, म्हणजे मुदत संपायचा दिवस, सप्टेंबर २०२५ पासून गुरुवारची मंगळवारी गेली. "गुरुवारी सव्वानऊला स्ट्रॅडल (एकाच भावाचे कॉल आणि पुट दोन्ही ऑप्शन) विकायचा" हा नियम पाच वर्षांच्या डेटावर कितीही सुंदर दिसला तरी तो गुरुवार आता राहिला नाही. शिवाय दूरच्या स्ट्राईकवर, म्हणजे चालू भावापासून लांबच्या ठरलेल्या भावाच्या ऑप्शनवर, शेवटचा सौदा दुपारी एकला झालेला असतो आणि डेटा तोच भाव क्लोज म्हणून दाखवतो.

कोर्सवाले, टेलिग्रामवाले बॅकटेस्टचे स्क्रीनशॉट दाखवतात ते जवळपास नेहमी ऑप्शन्सचेच असतात, त्यांना तीन गोष्टी विचारा: खर्च धरला का, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आणि सौद्यांची यादी शीटमध्ये मिळेल का. तिसऱ्या प्रश्नाला ग्रुपमधून काढून टाकतात, फी वाचते.

पास झाली तर पुढे

लगेच पैसे नाही. तीन-चार महिने रोज संध्याकाळी भाव आला की सिग्नल लिहायचा, दुसऱ्या दिवशीचा ओपन लिहायचा, प्रत्यक्ष ऑर्डर टाकली असती तर त्या क्षणी बिड-आस्क (घेणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा भाव) काय होतं तेही लिहायचं. यातून तुमचा स्लिपेजचा खरा आकडा मिळतो, तो परत शीटमध्ये टाका. मग छोटी रक्कम, गेली तरी घरात कोणी विचारणार नाही एवढी. हाताने ऑर्डर टाकत असाल तर कोणाच्या परवानगीचा प्रश्न नाही, पण कोड लिहून एपीआयने (ब्रोकरच्या सिस्टीमशी थेट जोडून) आपोआप ऑर्डर पाठवायच्या असतील तर सेबीने ४ फेब्रुवारी २०२५ ला रिटेल अल्गोसाठी, म्हणजे सामान्य माणसाच्या अशा आपोआप ट्रेडिंगसाठी, वेगळी चौकट आणली आहे, तुमच्या ब्रोकरकडे त्यानुसार काय करावं लागतं ते आधी विचारून घ्या.

आणि चालू करण्याआधीच लिहून ठेवा की बंद कधी करायची. मी साधारण असं ठेवतो: बॅकटेस्टमधल्या सगळ्यात मोठ्या ड्रॉडाऊनच्या दीडपट प्रत्यक्षात गेलं की थांबायचं आणि शीट परत उघडायची. ही ओळ शीटच्या अगदी वरच्या रांगेत लिहा, तारखेसकट, आणि शीटची एक कॉपी तशीच बाजूला ठेवा ज्यात नंतर कोणी हात घालणार नाही, तुम्हीसुद्धा.